लग्नघर, यजमान आणि मांजर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे. दोनचार ठिकाणी मीच हात फिरवला आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



पंधरा दिवसांपूर्वी सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये गाठलं. लिफ्टमध्ये गाठलेल्या माणसाला पळता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणाले, "काका, वीस मिनिटं बोलायचं. विषय महिला मंडळाने चिठ्ठ्या टाकून काढलाय." मी म्हटलं, काढा चिठ्ठी. तर म्हणे दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटून आल्या. एकीवर 'लग्नघरात यजमानांनी कसं वागावं' आणि दुसरीवर 'घरात मांजर असेल तर'. आता या चिठ्ठ्या आपण होऊन चिकटल्या की कोणी चिकटवल्या, याची चौकशी मी केली नाही. बी विंगमधल्या जुन्या मंडळींच्या चेहऱ्यावर आत्ता जे हसू दिसतंय त्यावरून काय ते कळलं. आमच्याकडचं लग्न अजून कोणी विसरलेलं नाही.

पण खरं सांगायचं तर हे दोन विषय फार जुन्या काळापासून एकत्रच आहेत. ती गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांनी आजीकडून ऐकली असेल. एका घरात लग्न होतं. घरातलं मांजर सारखं दुधा-तुपात तोंड घालत होतं म्हणून यजमानीणबाईंनी त्याला टोपलीखाली झाकून ठेवलं. त्या घरच्या लेकीने ते पाहिलं. पुढे तिच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा तिच्या घरी मांजरच नव्हतं, तर तिने शेजारून मांजर मागून आणलं आणि टोपलीखाली झाकलं. कशासाठी? तर आमच्याकडे पद्धत आहे! या गोष्टीचं तात्पर्य सांगून लोक सगळ्या चालीरीतींना हसतात. मला मात्र नेहमी त्या पहिल्या बाईचं कौतुक वाटतं. घरात अडीचशे पानं उठायची आहेत, भटजी हाका मारतायत, विहीण रुसलीय, आणि त्या गडबडीत तिला मांजर आठवलं. यजमानकी म्हणजे हेच, दुसरं काय! आम्हाला टोपली आठवली नाही, म्हणून पुढचं सगळं रामायण झालं.

आधी मांजराची ओळख करून देतो. २६ जुलै २००५. तो पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना तारीख सांगितली की पुरतं. मी त्या रात्री बँकेतच अडकलो होतो, टेबलांवर फायली उशाला घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत डोंबिवलीला पोचलो, तर आमच्या लेकीने जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून एक भिजलेलं पिल्लू आणून जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. भिजलं मांजर म्हणजे काय ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पांढरं, काळं आणि केशरी असं तिरंगी पिल्लू. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, रंगाची गुणसूत्रं तशी असतात, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या हिने एकच अट घातली, "पाऊस थांबला की हे खाली जाईल." पाऊस थांबला. ठमी चौदा वर्षं राहिली.

मांजराबरोबर राहणं म्हणजे कडक शिस्तीच्या वरिष्ठाबरोबर राहणं, हे मी छत्तीस वर्षांच्या नोकरीच्या आधारावर सांगतो. ते कधी येईल, कधी जाईल, कशावर नाराज होईल याचं परिपत्रक निघत नाही. तुम्ही पेपर पसरला की ते नेमकं अग्रलेखावर बसणार. बंद दार त्याला चालत नाही. उघडून दिलं की जाणार नाही, उंबऱ्यात उभं राहून विचार करणार. आपल्या पायाला गाल घासतं ते आपल्याला माया वाटते. मायाही असेल, पण गालापाशी त्याच्या वासाच्या ग्रंथी असतात. 'हा माणूस आमचा' असा शिक्का मारून ते पुढे जातं. आणि घरातलं सामान हललेलं त्याला बिलकूल खपत नाही. सोफा या भिंतीचा त्या भिंतीला नेला तर ठमी दोन दिवस कपाटावर जाऊन बसायची. आता विचार करा, लग्नघरात काय काय हलतं!

आणखी एक. मांजर दूध-बासुंदीपाशी घुटमळतं म्हणून त्याला गोडाची आवड असते असा आपला समज. ते चूक आहे. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, शास्त्रज्ञांनी तपासून काढलंय. त्याला हवा असतो त्यातला स्निग्धांश. म्हणजे जिलबी उघडी राहिली तर चालेल, तुपाचं भांडं झाका. आणि मोठ्या मांजराला दूध पचतंच असंही नाही. पुष्कळांची पोटं बिघडतात. हे सगळं आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक! आम्ही वाटीभर दूध ठेवून पुण्य मिळवत होतो.

आता मुख्य भानगड. आमच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या मजल्यावर, जे गृहस्थ राहत होते ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण नियमाचा. ठमीने पहिल्या वर्षी त्यांच्या स्कूटरच्या सीटवर नखांना धार लावली. दुसऱ्या वर्षी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून ती चालत गेली. त्यांनी कमिटीला तीन पानी पत्र दिलं, परिशिष्टासह. परिशिष्टात तारीखवार नोंदी होत्या. मी तेव्हा खजिनदार. वार्षिक सभेत मीही बँकेतली भाषा वापरली. 'सदर सभासदांनी नमूद केल्याप्रमाणे' वगैरे. ते म्हणाले मांजर पाळायला बंदीचा ठराव करा. मी म्हटलं असा ठराव कायद्याने करताच येत नाही. माझं म्हणणं कायद्याने बरोबर होतं, आजही आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचना काढून बघा, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण सभा जिंकली आणि शेजारी गेला. तीन वर्षं आम्ही जिन्यात एकमेकांकडे न बघता चढ-उतार केली. आता वाटतं, एका सीट-कव्हरचे पैसे मुकाट्याने दिले असते तर? तेव्हा नाही सुचलं.

२००९च्या डिसेंबरात आमच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा. कार्यालय डोंबिवलीतच, पण जेमतेम पन्नास माणसं उतरतील असं. ते सगळं वऱ्हाडासाठी ठेवलं आणि आमचे पाहुणे घरी. दोन खोल्या-स्वयंपाकघरात तेवीस माणसं!

इथे यजमानकीबद्दल दोन गोष्टी सांगून घेतो, नाहीतर महिला मंडळ म्हणेल काकांनी मांजरच सांगितलं.

पहिली गोष्ट आमंत्रणाची. पहिली पत्रिका गणपतीपुढे, मग कुलदैवताला, ते सगळे करतात. पण सोसायटीत पत्रिका लेटरबॉक्समध्ये टाकू नये. व्हॉट्सॲपवर तर नाहीच. गावोगावच्या नातलगांना पाठवा, त्यांनाही बरं पडतं. पण ज्या जिन्यातून तुमचे पाहुणे आठ दिवस चढ-उतार करणार आहेत, ज्यांच्या गाडीपुढे तुमचा टेम्पो उभा राहणार आहे, ज्यांच्या मुलांच्या परीक्षेत तुमची सनई वाजणार आहे, त्यांच्या दारात नवरा-बायको दोघांनी जाऊन अक्षत द्यावी. आणि 'सहकुटुंब' म्हणजे कोणकोण ते तोंडाने बोलावं. घरात आजोबा असतील तर आजोबांना वेगळं सांगावं. वॉचमनला पत्रिका द्यावी, झाडूवाल्या मावशींना द्यावी. हे उपकार म्हणून नाही. लग्नाच्या दिवशी पाणी कधी सोडायचं हे वॉचमनच्या हातात असतं!

दुसरी आहेराची. 'कृपया आहेर आणू नये' असं आपण छापतो आणि लोक पाकीट खिशात घालूनच येतात. आमच्या वडिलांची एक वही आहे. १९६६ साली माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं तेव्हाची. तांदूळ-साखर कार्डावर मिळायचा तो काळ. त्या वहीत प्रत्येक आहेर लिहिलाय. कोणाचे दोन रुपये, कोणाचे पाच, कोणाचं स्टीलचं पातेलं, एका नातलगांनी आपल्या रेशनची चार किलो साखर. पुढे वडिलांनी प्रत्येकाच्या कार्यात ते फेडलं आणि त्या ओळीवर काट मारली. साखरेच्या ओळीवर काट नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ती कशी फेडणार?" मी बँकेत आयुष्यभर खाती जुळवली, पण काही खाती उघडीच राहू द्यायची असतात हे त्या वहीत शिकलो.

तर आमंत्रण. प्रश्न आला, वरच्यांना द्यायचं का? मी म्हटलं, "नको, ते यायचे नाहीत आणि आपला अपमान होईल." ही म्हणाली, "बोलावणं आपलं काम, येणं त्यांचं. त्यांचं काम तुम्ही कशाला करता?" गेलो. दार त्यांनीच उघडलं. पत्रिका उभ्याउभ्या घेतली, चष्मा लावून पूर्ण वाचली, अगदी मुद्रकाच्या नावापर्यंत. "बघू," म्हणाले. आत वहिनी उभ्या होत्या. त्यांनी कुंकू लावून घेतलं, पण चहा काही विचारला नाही. जिना उतरताना मी हिला म्हटलं, "बघ!"

लग्नाच्या चार दिवस आधी बेल वाजली. तेच गृहस्थ. हातात किल्ली. म्हणाले, "तुमच्याकडे माणसं फार आहेत. आमची आतली खोली रिकामी आहे. बायकांना झोपायला होईल. कपाटही रिकामं आहे." एवढं बोलून वर गेले. मला आभार मानायलासुद्धा सुचलं नाही.

त्या खोलीत माझ्या दोघी बहिणी आणि मावशी झोपायला गेल्या. आणि त्या कपाटात, आमच्याकडे जागाच नव्हती म्हणून, मानपानाच्या साड्या गेल्या. सगळ्यांत खालच्या खणात विहीणबाईंची पैठणी, मोरपंखी रंगाची. त्यांनी रंग आधी कळवला होता. हिने आणि माझ्या बहिणीने येवल्याला जाऊन आणलेली. कपाट लाकडी, जुनं. दार नीट लागत नसे.

ठमीला त्या वेळी दिवस गेलेले होते. ही चूक माझी. ऑपरेशन करायला हवं होतं ते 'होईल पुढे' म्हणून राहिलं. मांजराचे दिवस साधारण नऊ आठवडे भरतात, आम्ही कोणी मोजले नव्हते. लग्नाच्या यादीत एकशे बारा बाबी होत्या, त्यात ठमीचं नाव नव्हतं. घरात तेवीस माणसं, रुखवताचं टेबल, फुलांच्या टोपल्या, रात्री बारापर्यंत मेंदी. व्यायला आलेल्या मांजराला काय हवं असतं? अंधार, ऊब, मऊ कापड आणि शांतता. सीमांतपूजनाच्या आदल्या रात्री ती दिसेनाशी झाली. लेक म्हणाली, "बाबा, ठमी कुठेय?" मी म्हटलं, "येईल." तीच एक दोनदा गच्चीपर्यंत शोधून आली. दुसऱ्या दिवशी जिचं सीमांतपूजन, ती मुलगी रात्री एक वाजता हातात विजेरी घेऊन पार्किंगमध्ये वाकून वाकून बघतेय. हे मला नंतर वॉचमनने सांगितलं.

पहाटे साडेचार. विदर्भ एक्सप्रेसने वऱ्हाड कल्याणला उतरणार, मी निघायच्या तयारीत. दारावर टकटक. बेल नाही, टकटक. वरचे गृहस्थ बनियनवर शाल गुंडाळून उभे. "जरा वर या. आवाज करू नका." माझ्या पोटात गोळा. मावशीला काही झालं की काय!

वर गेलो. आमच्या बायका गाढ झोपलेल्या. त्यांनी विजेरीवर हात धरून बोटांच्या फटीतून उजेड कपाटाच्या खालच्या खणात पाडला. ठमी. तिच्या पोटाशी चार पिल्लं, उंदराएवढी, डोळे मिटलेली. आणि सगळ्यांच्या खाली मोरपंखी पैठणी. तिची जी अवस्था झाली होती ती आता जेवणाआधी सांगत नाही.

मी पुढे झालो, निदान पदर तरी ओढून काढावा म्हणून. त्यांनी माझं मनगट धरलं. "हलवू नका. नवी बाळंतीण आहे. आत्ता हात लावलात तर पिल्लं उचलून भलतीकडे नेईल." तीन पानी पत्र लिहिणारा माणूस हे सांगतोय! आणि बरोबर सांगत होते. मांजर सात घरं फिरवतं म्हणतात ते यासाठीच. जागा धोक्याची वाटली की ते पिल्लं तोंडात धरून हलवतं. वहिनी तोवर उठल्याच होत्या. त्यांनी बाळंतिणीसाठी शिरा करून आणला. ठमीने त्यातलं तूप चाटलं आणि शिरा ठेवून दिला.

मी खाली मान घालून उभा. संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी विहीणबाईंना पैठणी द्यायची. वहिनी काही न बोलता आत गेल्या आणि एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आल्या. आत मलमलीत गुंडाळलेली पैठणी. डाळिंबी. घडीसुद्धा मोडलेली नाही. "ही घेऊन जा," म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, अहो असं कसं?" तर त्या काही बोलल्या नाहीत. गृहस्थच म्हणाले, "आमच्या विहीणबाईंसाठी घेतली होती. मुलाने तिकडे बंगलोरला रजिस्टर लग्न केलं. आम्हाला फोन आला. साडी तशीच आहे, पाच वर्षं झाली."

आमच्या डोक्यावर ही माणसं पाच वर्षं राहत होती. मुलगा बंगलोरला असतो एवढं आम्हाला माहीत होतं. लग्न झालं का, कधी झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. स्कूटरच्या सीटवर किती ओरखडे आहेत ते मात्र मला पाठ होतं.

असो. गाडीची वेळ होत होती, मी कल्याणला पळालो.

आता प्रश्न असा की विहीणबाईंना सांगायचं की नाही. रंग मोरपंखी ठरलेला, हातात डाळिंबी पडणार. माझ्या बहिणींचं मत, 'दुकानदाराने चुकीची बांधली' म्हणून सांगावं. माझंही तेच मत होतं, कबूल करतो. हिने मात्र सीमांतपूजनाच्या आधीच विहीणबाईंना बाजूला घेतलं आणि सगळं खरं सांगितलं. शेजारणीच्या पैठणीसकट. विहीणबाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "अहो, मग त्यात काय झालं जी! मला पिल्लं दाखवा न." आणि दुसऱ्या दिवशी विहिणींच्या पंगतीला त्या डाळिंबी पैठणी नेसून बसल्या. वहिनींनाही शेजारी बसवून घेतलं. वरचे गृहस्थ दोन दिवस कार्यालयाच्या दारात उभे राहून आल्यागेल्याला गुलाबपाणी-अत्तर बघत होते.

तुम्हाला वाटेल, चला, सगळं गोड झालं. कुठलं हो! ज्या साडीसाठी आमचं रक्त आटलं त्याचं कोणाला काही वाटलं नाही, आणि रुसवा झाला तो भलत्याच गोष्टीवरून. नवरदेवाच्या आत्याचे यजमान, त्यांना जानवशात पहाटे गरम पाणी मिळालं नाही. गीझर बंद पडला होता, तेही चाललं असतं. पण इतरांना बादलीने पाणी नेऊन दिलं आणि त्यांच्या खोलीत 'पाणी मिळालं का' म्हणून विचारायला कोणीच गेलं नाही. ते अक्षता पडेपर्यंत बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. मी जाऊन हात जोडले, म्हटलं चुकलं आमचं. ते म्हणाले, "पाण्याचं काही नाही जी. विचारलं नाही कोणी." नागपूरकडे गोळाभात आवडतो हे कळल्यावर आमच्या आचाऱ्याला सांगून हिने दुसऱ्या दिवशी मुद्दाम थोडा करवला आणि त्यांच्या पानात स्वतः वाढला. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

म्हणून सांगतो, वाढण्याचं काम केटररवर सोपवा, विचारण्याचं सोपवू नका. हल्ली बुफे असतो, माणूस ताट घेऊन आपलं आपण घेतो, कोपऱ्यात उभा राहून जेवतो आणि निघून जातो. यजमान स्टेजवर फोटोत अडकलेला. घरातल्या दोन माणसांना फोटोतून सुट्टी द्या. त्यांनी नुसतं हिंडायचं. म्हाताऱ्यांना खुर्ची, मधुमेहवाल्यांना वेळेवर जेवण, ड्रायव्हर जेवले का, आचाऱ्याची माणसं जेवली का. आणि यजमानाने शेवटी जेवायचं, हे तर आहेच. २०२१च्या एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा सरकारी नियम आला होता. तेव्हा या सोसायटीत एक लग्न झालं. त्या लोकांनी आपल्या चारही विंगमध्ये दारोदार डबे पोचवले. बुंदीचे दोन लाडू आणि मसालेभात. मी पुष्कळ लग्नं जेवलोय, पण तो मसालेभात लक्षात आहे.

मांजरवाल्यांसाठीही दोन शब्द. घरात कार्य असेल तर टोपली नको, पण एक खोली मांजरासाठी ठेवा. पाणी, त्याची नेहमीची चादर, मातीचा ट्रे, आणि दारावर मोठ्या अक्षरात 'आत मांजर आहे, दार उघडू नये'. रिबिनी, कलाबतूचे दोरे उघडे टाकू नका. मांजर ते गिळतं आणि आतड्यात अडकतात. आणि बुके! हल्ली त्यात मोठ्या फुलांच्या लिली असतात. ती लिली मांजराला विष आहे. पान चघळलं, नुसते पराग अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. आपला निशिगंध वेगळा, तो त्या जातीचा नव्हे. पण मोठी लिली घरात आणूच नका. ऑपरेशन वेळेवर करा, लस वेळेवर द्या. पंपाच्या खोलीमागे खायला घालता तिथल्या वाट्या रोजच्या रोज उचला, म्हणजे नवीन तीन पानी पत्र येणार नाही. आणि आलंच, तर उत्तर लिहायच्या आधी वर जाऊन चहा घ्या.

पिल्लं त्या कपाटातच सहा आठवडे राहिली. त्यांच्याच आग्रहाने. दोन पिल्लं ओळखीत गेली, एक नागपूरला विहीणबाईंकडे गेलं, खास टोपलीतून. चौथा केशरी बोका. तो न्यायला आम्ही वर गेलो तर गृहस्थ म्हणाले, "हा राहू दे." नाव काय ठेवलं? आहेर! म्हणाले, "पत्रिकेवर तर छापलं होतं आहेर आणू नये म्हणून. देऊ नये असं कुठे छापलं होतं?" त्यांच्या मुलाने पुढे फोटो मागवले बोक्याचे. वहिनी फोन धरायच्या आणि हे बोक्याला कॅमेऱ्यासमोर बसवायचे. बोका बसायचा नाही. त्या निमित्ताने बापलेक दहा मिनिटं बोलायचे.

गृहस्थ गेले ते २०२१च्या मे महिन्यात, त्या लाटेत. हॉस्पिटलात कोणाला जाता आलं नाही. मुलगा येऊ शकला नाही, आम्ही गेटपर्यंत उभे राहिलो. त्यानंतर बरेच दिवस आहेर संध्याकाळी सहाला जिन्यात येऊन बसायचा. त्यांची फिरून यायची ती वेळ. त्याला कोणी उचललं तर नखं मारायचा, म्हणून आम्ही त्याच्या बाजूने चढायचो-उतरायचो.

पैठणीचं राहिलं. आम्ही पुढच्या दिवाळीत तशीच डाळिंबी पैठणी आणून वहिनींना दिली. त्यांनी ती आमच्या नातीच्या बारशाला हिच्या ओटीत घातली. हिने त्यांच्या साठीला परत दिली. सध्या ती साडी कोणाकडे आहे हे मला खरंच सांगता येणार नाही. माझ्या हिशेबात ते खातं अजून उघडं आहे.

वहिनी इथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि मला मघापासून घड्याळ दाखवतायत. आहेर सोळाव्या वर्षात आहे, दात गेलेत, खालच्याच खणात झोपतो. कपाटाचं दार अजून नीट लागत नाही. मुलगा बंगलोरहून आला होता तेव्हा सुतार बोलवतो म्हणाला, तर वहिनींनी नको म्हटलं.

खाली पानं मांडून झाली असावीत. आचारी दारात येऊन उभा आहे. सगळ्यांनी चला, सावकाश जेवा. आणि वॉचमन जेवलेत का, तेवढं कोणीतरी विचारून या.